दहा पाठमोऱ्या आणि मी

माझी उंची पाच फूट साडेदहा इंच. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा तमाशा त्यातूनच झाला.

नेब्रास्कातल्या कार्नी गावात आमच्या नाचाच्या वर्गात आम्ही नऊ मुली होतो आणि मुलगा एकही नव्हता. बाप लोक मुलांना नाचाला पाठवत नसत, घोड्यावर बसायला पाठवत. मग जोडीच्या नाचाला मुलगा कोण होणार? जी सगळ्यांत उंच ती. म्हणजे मीच. सहाव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत मी मुलगा होते. जोडीच्या नाचात एकाने न्यायचं असतं आणि दुसऱ्याने जायचं असतं. मी बारा वर्षं फक्त नेलं. कुणीतरी मला न्यावं असं फार वाटायचं, पण सांगायचं कुणाला?

आई बेकरीत कामाला होती. वडील मी लहान असतानाच गेले. मी नुसती शिंकले तरी आईला वाटायचं की पोरगी आणखी अर्धा इंच वाढली. "व्हर्ना, जरा वाकून चाल," हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा ऐकलं असेल. बेकरीत येणाऱ्या बायका तिला हसत विचारायच्या, "काय गं, पोरीसाठी नवरा बघणार की शिडी?" ती त्यांना पाव बांधून द्यायची आणि घरी येऊन मला पुन्हा वाकून चालायला सांगायची.

हॉलिवूडला आले ती एक्केचाळीसच्या उन्हाळ्यात. दीड वर्षात सतरा ठिकाणी नाचून दाखवलं. सतराही ठिकाणी माझे पाय संपूर्ण बघायच्या आधीच "पुढची" अशी हाक यायची. कोरसची, म्हणजे मागे नाचणाऱ्या मुलींची रांग कशी, एकसारख्या कापलेल्या कुंपणाच्या फळ्या. तिच्यात माझ्यासारखा खांब कोण घेतो?

मग युद्धाने माझं नशीब उघडलं. हे बोलणं बरं नाही, पण खरं आहे. नाचणारी सगळी पोरं सैन्यात गेली. सिनेमे मात्र दुप्पट निघायला लागले आणि प्रत्येक सिनेमात खलाशी, नाही तर शिपाई नाचायलाच हवेत. खरे खलाशी समुद्रावर, मग पडद्यावर कोण नाचणार? बेचाळीसच्या डिसेंबरात एका स्टुडिओच्या दारावर पाटी लागली : उंच मुली पाहिजेत. मी धावत गेले. नृत्यदिग्दर्शक मिस्टर बॅरिंजर यांनी मला नखशिखांत पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, "केस टोपीत मावतील?"

मावले. मी मागच्या रांगेतला डावीकडून तिसरा खलाशी झाले.

आईला लिहिलं, "मी सिनेमात आहे." कोण म्हणून आहे ते लिहिलं नाही. जिने जन्मभर लोकांची बोलणी खाल्ली, तिला कुठल्या तोंडाने सांगू की तुझी मुलगी अखेर पुरुष झाली? सिनेमा कार्नीला लागला. आई बेकरीतल्या चार बायकांना घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी एकटी जाऊन पुन्हा पाहून आली. मग तिचं पत्र आलं.

"एकेक पोरगी निरखून पाहिली. तू कुठेच नव्हतीस. तिथे दुसरं काही काम करत असशील तर तसं सांग. भांडी घासण्यात लाज नाही, मीही घासली आहेत. पण खोटं बोलू नकोस. पुढच्या सिनेमातही दिसली नाहीस तर ख्रिसमसला घरी ये आणि इथेच राहा. तू शब्द दे."

मी रागारागाने शब्द दिला. दिल्यावर रडले. पुढच्या सिनेमातही माझ्यासाठी खलाशाचीच पँट शिवून तयार होती.

तो सिनेमा त्रेचाळीसच्या जूनमध्ये चालू होता. त्यातलं शेवटचं गाणं म्हणजे मिस्टर बॅरिंजर यांचं स्वप्न. गृहस्थ पाच फूट चार इंच, डोक्यावर कायम हॅट, आणि पूर्वी गावोगावच्या नाटकगृहांत कुत्र्याबरोबर नाचण्याचा खेळ करायचे. बोलायचेही तसेच, जणू समोर कुत्राच आहे. त्यांनी अकरा जोड्या बसवल्या होत्या. अकरा मुली निळ्या झग्यात, प्रत्येकीच्या पाठीवर पांढऱ्या फितीचा टोपलीएवढा बो. अकरा खलाशी, त्यांत खरे पुरुष तीन. गाण्याच्या मध्यावर नायक-नायिका मागच्या जिन्यावर गात राहणार, आणि अकरा मुली कॅमेऱ्याकडे पाठ करणार. वरून क्रेनवरच्या कॅमेऱ्यातून त्या अकरा पांढऱ्या बोंचा विजयाचा मोठा व्ही दिसणार. दोन बाजूंना पाच-पाच आणि कॅमेऱ्याकडच्या टोकाला एक. मग तो अख्खा व्ही कॅमेऱ्याच्या दिशेने सरकत येणार. खलाशी पुढे पावलं टाकणार, मुली मागे.

टोकाची जागा मार्जी क्विनची होती. चित्रीकरणाच्या आदल्या संध्याकाळी मार्जी सैनिकांच्या कँटीनमध्ये नाचायला गेली, आम्ही सगळ्याच जायचो, आणि टेक्ससच्या एका खलाशाने आपला संपूर्ण देह तिच्या उजव्या पावलावर ठेवला. सकाळी ती कुबडी घेऊन आली.

मिस्टर बॅरिंजरनी हॅट काढली, पुन्हा घातली. "मार्जीची पावलं कुणाला येतात?"

सगळ्यांना सगळ्यांची पावलं येतात, तरी कुणी बोलेना, कारण प्रत्येकीची जागा ठरलेली होती. माझा हात आपोआप वर गेला. इतका वर की न दिसणं शक्यच नव्हतं.

"तू? तुला झगा घातला तर तंबू दिसेल."

"मग तंबू नाचेल, मिस्टर बॅरिंजर."

दुसरी वेळ असती तर मला हाकललं असतं. पण घड्याळात नऊ वाजले होते. "मिसेस ओडेल," ते ओरडले, "हिला झग्यात घाला! आणि हिच्या जागी खलाशी म्हणून कुणालाही उभं करा, तिकडे कोण बघतंय!"

कपडेपटाच्या मिसेस ओडेल यांनी मार्जीच्या झग्याला खाली वीतभर पट्टी जोडली. कापडाची टंचाई होती, पट्टी कुठल्याशा पडद्यातून काढली. रेशमी मोजे तर दोन वर्षांत कुणी डोळ्यांनी पाहिले नव्हते. मोजे घातल्यासारखं दिसावं म्हणून पायांना रंग फासायचा आणि मागे भुवयांच्या पेन्सिलीने मोज्यांच्या शिवणीची रेघ ओढायची. बाकीच्या प्रत्येकीला एक बाटली रंग पुरायचा. माझ्या पायांना दीड लागली.

"बाई गं," रेघ ओढता ओढता मिसेस ओडेल म्हणाल्या, "ही रेघ आहे की हमरस्ता?"

मला कशाचंच काही वाटत नव्हतं. मी आरशात पाहिलं, आणि आरशात मुलगी होती. आता आई बघेल, एवढं एकच डोक्यात घुमत होतं. गाण्याच्या सुरुवातीला मुलींचे चेहरे ओझरते का होईना दिसणार होते. आईला ओझरतं पुरलं असतं.

माझा जोडीदार होता व्हिटो कारुसेली, तिघा खऱ्या पुरुषांतला एक. ब्रुकलिनचा, पाच फूट सहा इंच, कानाचा पडदा फाटलेला म्हणून सैन्याने परत पाठवलेला. त्याचे दोन भाऊ मात्र समुद्रापार होते.

"हवा कशी आहे वर?" त्याने मान वर करून विचारलं.

"तुझ्या डोक्यावर टक्कल पडायला लागलंय," मी म्हटलं. ओळख झाली.

आता मुख्य अडचण सांगते. युद्धामुळे कच्ची फिल्म मोजून मिळायची. या गाण्याला दोनच टेक. तिसऱ्याला एक फूटही मिळणार नव्हती, मग नाच कसाही होवो.

आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवलेल्या गाण्याची तबकडी लागली. सुरुवात छान झाली. मग मुलींनी पाठ फिरवली, बो रांगेत लागले, व्ही जमला. "सात, आठ!" मिस्टर बॅरिंजरनी क्रेनवरून मोजलं आणि माझा डावा पाय पुढे गेला.

व्हिटोचाही डावा पाय पुढे आला. तो पुरुष होता, त्याने तसंच करायचं होतं. चूक माझी. बारा वर्षांची सवय, आठ मोजले की मी न्यायला निघते. गुडघ्यावर गुडघा आपटला. आम्ही जागच्या जागी थांबलो आणि मागून येणारा व्ही आमच्या अंगावर आला. आधी दोन जोड्या आदळल्या, मग चार. एक बो कुणाच्या तरी तोंडात गेला. क्रेनवरून हॅट खाली पडली.

"चारशे फूट!" मिस्टर बॅरिंजर वरून ओरडत होते. "चारशे फूट फिल्म! जिराफाला मागे जाता येत नाही हे मला कुणी सांगितलं नाही!"

दिवे पुन्हा लावायला अर्धा तास होता. व्हिटो मला मागच्या पडद्याआड घेऊन गेला. आम्ही वीस वेळा केलं असेल. मी स्वतःला बजावायची, मागे जायचंय, उजवा पाय, मागे. आठ मोजून झाले की डावा पुढे. विसाव्या वेळी मी खाली बसले आणि रडायला लागले. पायांवरचा रंग ओघळेल म्हणून तेही वाकून रडावं लागलं.

"अगं, रडतेस काय?" व्हिटो म्हणाला. "कार्नी म्हणजे काय काळं पाणी आहे?"

मी त्याला आईचं पत्र सांगितलं. शब्द दिल्याचंही सांगितलं. तो डोकं खाजवत उभा राहिला.

"मला चार मोठ्या बहिणी आहेत," तो म्हणाला. "नाच शिकलो तो त्यांच्याकडून. आमच्या घरात मला कधी कुणी विचारलंय, व्हिटो, तुला कुठे जायचंय? त्या न्यायच्या, मी जायचो. तर असं कर, तू ने. मी जातो मागे."

"वेडा आहेस का? सगळा व्ही कॅमेऱ्याकडे जाणार. मी नेलं तर मला कॅमेऱ्याकडे तोंड करावं लागेल. बो दिसणारच नाही."

"एक बो नाही दिसला तर चालेल. बावीस माणसं एकमेकांच्या अंगावर पडली तर नाही चालणार."

"आणि तुझं तोंड? तू पाठमोरा होशील."

तो हसला. "माझं तोंड बघून काय करायचंय? थिएटरात बसलेली प्रत्येक आई म्हणते, हा धडधाकट पोरगा नाचतोय काय, आघाडीवर का नाही? परवा ट्राममध्ये एक बाई माझ्या बुटांवर थुंकली. माझी पाठ दिसू दे. पाठीला कुणी काही विचारत नाही."

तो हे हसत म्हणाला खरा, पण त्याची आईही ब्रुकलिनमध्ये सिनेमा बघणार होती, आणि ते मला ठाऊक होतं. मी त्याला थांबवायला हवं होतं. नाही थांबवलं. तेव्हा माझ्या मनात बोचा विचार नव्हता, व्हिटोचाही नव्हता, व्हीचा तर मुळीच नव्हता. माझा चेहरा कॅमेऱ्याकडे असेल, एवढंच होतं. मोह झाला, हे मी कबूल करते.

दुसरा टेक. "सात, आठ!" दहा मुलींनी पाठ फिरवली. मी अर्धी गिरकी जास्त घेतली, व्हिटोला फिरवलं आणि डावा पाय पुढे टाकला. तो पिसासारखा मागे गेला. काय जायचा तो! त्याच्या चारही बहिणींचे पाय धरावेत. बारा वर्षं मी नेलं होतं ते ओझं म्हणून, त्या दिवशी पहिल्यांदा मजा आली. सोळा मात्रा, व्हीच्या टोकाला मी, समोर क्रेनवर कॅमेरा, आणि कॅमेऱ्याशेजारी मिस्टर बॅरिंजरचं तोंड उघडं. ओरडले असते तर सगळे थांबले असते आणि टेक गेला असता, म्हणून ते हॅट चावत बसले. मी वर बघून हसत राहिले.

गाणं संपलं. ते क्रेनवरून उतरले, माझ्यासमोर येऊन माझ्या खांद्याशी बोलले, कारण त्यांची नजर तिथवरच पोचत होती.

"झगा परत कर. बूट परत कर. उद्यापासून तू या स्टुडिओत नाहीस."

"मिस्टर बॅरिंजर, चूक माझी आहे," व्हिटो मध्ये पडला.

"तुझी? तू तर पुरुष असून ओढला गेलास! तुझं उद्या बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपडेपटात बसून झग्याची ती पट्टी उसवत होते. कापड परत द्यायचं होतं. मनातल्या मनात आईला पत्र लिहीत होते आणि पहिल्या ओळीपुढे जात नव्हते. मिसेस ओडेल नव्हत्या. काल काढलेलं बघायला निर्माते मिस्टर लँडाव बसणार होते आणि कपडे कसे दिसतात ते सांगायला त्यांना बोलावलं होतं.

त्या आल्या त्या पोट धरून हसतच.

"अगं, सोड ती कात्री! काय झालं ऐक. अंधार झाला. गाणं चालू. बॅरिंजर खुर्चीत असे खाली खाली सरकतायत. व्ही आला आणि लँडाव ताडकन उठून उभे. मी म्हटलं, गेली यांची नोकरी. तर लँडाव म्हणतात, थांबवा, पुन्हा दाखवा. पुन्हा दाखवलं. मग म्हणतात, दहा पाठमोऱ्या आणि टोकाला एक चेहरा! तिकडे बोटीवर सिनेमा बघत बसलेल्या पोरांना वाटेल, ही आपल्याकडेच येतेय. बॅरिंजर, हे सुचलं कसं तुम्हाला?"

"मग?"

"मग काय! बॅरिंजर खुर्चीतून वर वर यायला लागले. हॅट नीट केली. म्हणाले, मी तीन आठवडे विचार करत होतो."

आम्ही दोघी इतक्या हसलो की टाचण्यांचा डबा सांडला. टाचण्या वेचत असतानाच दारात मिस्टर बॅरिंजर उभे राहिले.

"ते काय उसवतेस?"

"झगा, मिस्टर बॅरिंजर. तुम्हीच म्हणालात, परत कर."

"मी? मी कशाला म्हणेन? कलावंत थट्टा करतो ती कळायला नको?" त्यांनी घसा साफ केला. "सोमवारी नऊ वाजता ये. झग्यात. पुढच्या सिनेमातही टोकाची जागा तुझी. आणि तो कारुसेली पुन्हा तुझ्याबरोबर. इतरांना ओढायला जाऊ नकोस, त्यांचे पाय मुरगळतील."

"आणि व्हिटोचं तोंड, मिस्टर बॅरिंजर? पुढच्या वेळी त्याचं तोंड कॅमेऱ्याकडे हवं."

मला अजून नवल वाटतं की मी हे म्हटलं. त्यांनी माझ्याकडे मान वर करून बघितलं. पहिल्यांदाच.

"तीही माझीच कल्पना होती," ते म्हणाले आणि गेले.

युद्धाच्या दिवसांत सिनेमे भराभर बाहेर पडायचे. नोव्हेंबरात आमचा लागला. व्हिटो आणि मी मॅटिनीला गेलो. सोळा मात्रांपुरती त्याची पाठ पडद्यावर आली तेव्हा तो माझ्या कानात म्हणाला, "बघ, किती देखणी पाठ आहे." नंतर त्याच्या थोरल्या बहिणीचं पत्र आलं, की आईने तुला कानांवरून ओळखलं आणि सगळ्या थिएटरला सांगितलं. तो ते पत्र खिशात घेऊन फिरायचा.

कार्नीला सिनेमा लागून आठवडा झाला, तरी आईचं काहीच आलं नाही. रोज संध्याकाळी मी राहायची त्या मुलींच्या वसतिगृहाच्या पायरीवर पोस्टमनची वाट बघत बसायची. व्हिटो सोबतीला बसायचा आणि भुईमुगाच्या शेंगा खायचा. मला वाटायला लागलं, तिला दिसलेच नाही. किंवा दिसले आणि आवडले नाही. नवव्या दिवशी पत्र आलं. मी ते नुसतंच उलटसुलट करत बसले, शेवटी व्हिटोने फोडून दिलं.

"व्हर्ना," आईने लिहिलं होतं, "उशीर झाला, कारण मी रोज जात होते. पहिल्या दिवशी माझा विश्वास बसला नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी गेले. मग बेकरीतल्या सगळ्यांना एकेक करून दाखवायला नेलं. बाकीच्या दहाजणींनी माझ्याकडे पाठ केली. तू एकटी तोंड करून आलीस, सरळ माझ्याकडे बघत. तो मुलगा तुझ्यापुढे होता, तरी त्याच्या डोक्यावरून तुझा सगळा चेहरा दिसला. मी मोठ्यांदा म्हणाले, बरं झालं बाई, उंच झालीस. पुढचा माणूस मागे वळून हसला. हसू दे. ख्रिसमसला घरी ये. येताना परतीचं तिकीट काढूनच ये."